मागे ठेवलेली बंदूक

"आधी कोणतं निवडायचं, एवढंच सांगा," इंद्रजित म्हणाला. "पिस्तूल, रायफल की बाराबोअर?"

सुभेदार हुबाले ब्रश चालवत राहिले.

ते खाणीच्या तोंडाशी एका दगडावर बसले होते. समोर निशाणाच्या लोखंडी पाट्या उभ्या टेकवलेल्या. छऱ्यांनी रंग उडालेल्या पाट्यांना ते नव्यानं पांढरा रंग देत होते. ब्रश वर, ब्रश खाली.

"मी कालच्या फोनवर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ये."

"ये म्हणालो. आलास."

"हो. पण उत्तर..."

"पाटी वाळू दे."

विट्यापासून बरंच आत, पठारावर ही दगडाची खाण होती. दगड काढणं कधीच बंद पडलं होतं. तालुक्यातल्या नेमबाजी क्लबनं ती रीतसर परवानगी काढून ताब्यात घेतली होती; तिन्ही बाजूंना उभा कातळ असल्यामुळे गोळी बाहेर जायची भीती नव्हती. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार आनंदा हुबाले तिथं शिकवायचे. वर पवनचक्क्या फिरत असत आणि त्यांच्या पात्यांची सावली अधूनमधून खाणीच्या तळावरून जायची.

इंद्रजित देशमाने हा त्यांचा सगळ्यात वेगवान शिष्य. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांचा मुलगा. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो इथं रोज येत असे.

चार वर्षांत तो आज पहिल्यांदा आला होता.

"परवाना परत मिळाला," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात."

"ऐकलं."

"कोर्टानं निर्दोष सोडलं."

"तेही ऐकलं."

"निकालात स्पष्ट आहे. बंदुकीत यांत्रिक दोष. माणसाचा दोष नाही."

सुभेदारांनी ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला.

"रेहानाकडे गेलास?"

इंद्रजितनं पवनचक्कीकडे पाहिलं.

"वकील म्हणाले होते, केस चालू असताना जाऊ नका. चुकीचा अर्थ निघतो."

"केस संपली."

"जाईन..."

ब्रश वर, ब्रश खाली.

इंद्रजित ज्या खेळात होता त्यात एका धावेत तीन हत्यारं वापरायची असतात. छऱ्यांच्या बाराबोअरनं लोखंडी पाट्या पाडायच्या, ती बंदूक वाटेतल्या पिंपावर ठेवायची, पुढे पळत जाऊन पिस्तुलानं पुठ्ठ्याची निशाणं मारायची, तेही ठेवायचं, आणि शेवटी रायफलनं लांबचं. ज्याचा वेळ कमी तो जिंकतो. ठेवलेलं हत्यार रिकामं तरी हवं, नाहीतर त्याची सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावलेली हवी. या एका गोष्टीवर सगळा खेळ उभा आहे. कारण नेमबाज पुढे पळतो तेव्हा त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, टायमर घेतलेला एक माणूस, पंच, पळत असतो. नेमबाजानं ठेवलेल्या हत्यारासमोरून तो रोज जातो.

या क्लबमध्ये तो माणूस दस्तगीर तांबोळी होता.

दस्तगीर एका विनाअनुदानित शाळेत खेळाचा मास्तर होता. स्वतः त्यानं कधी स्पर्धा केली नाही. त्याला टायमर आवडायचा. रोजे असले तरी तो दुपारच्या उन्हात नेमबाजांच्या मागे पळायचा, आणि धाव संपली की वेळ असा सांगायचा जणू तो त्याचाच वेळ आहे. इंद्रजितच्या मागे पळायला त्याला विशेष आवडे. म्हणायचा, याच्या मागं पळालं की माझंही वजन उतरतं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात इथंच झालेल्या स्पर्धेत इंद्रजित पुढे होता. बाराबोअरचा चाप त्यानं परगावच्या एका कारागिराकडून हलका करून घेतला होता, बोट टेकताच सुटेल असा. सुभेदारांनी नको म्हटलं होतं. पाट्या सगळ्या पडल्या. त्यानं बंदूक पिंपावर ठेवली आणि पळाला. ठेवली म्हणण्यापेक्षा टाकली. सेफ्टी लावली नव्हती, आत एक काडतूस होतं. बंदूक पिंपाच्या काठावरून घसरली त्या क्षणी दस्तगीर पिंपापाशी पोचला होता.

इंद्रजितच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. मागचा बार त्याला वेगळा वाटला नाही. त्यानं पिस्तूल उचललं आणि पुठ्ठ्यावर गोळ्या मारत राहिला. कुणीतरी येऊन त्याचा दंड धरला तेव्हा तो थांबला, आणि आधी चिडला.

दस्तगीर विट्याला पोचेपर्यंतही राहिला नाही.

त्याची बायको रेहाना आता त्याच शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवते.

सुभेदारांनी शेवटची पाटी उन्हात सरकवली, हात चिंधीला पुसले.

"काय आणलंयस, दाखव."

इंद्रजितचा चेहरा सैल झाला. त्यानं गाडीच्या डिकीतून तीन लांब पेट्या आणल्या, लाकडी टेबलावर ठेवल्या आणि एकेक उघडली. प्रत्येक हत्यार फोमच्या खाचेत बसवलेलं, नवं, तेलाचा वास येणारं.

"जुनं सगळं देऊन टाकलं," तो म्हणाला. "ती बंदूक तर पोलिसांकडेच राहू दिली. मला ती घरात नको होती."

"बरं."

"ही बघा. बाराबोअर. हिला आत वेगळी कळ आहे. सेफ्टी लावायला विसरलं तरी पडून उडत नाही. कंपनीनं छातीएवढ्या उंचीवरून सिमेंटवर टाकून पाहिलीय. उलटी, सुलटी, नळीवर, दस्त्यावर."

"उडाली नाही?"

"एकदाही नाही."

सुभेदारांनी बंदूक उचलली, तोंड कातळाकडे ठेवून उघडली, आत करंगळी घालून पाहिली. मग त्याच्या हातात दिली.

"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?"

"नळीची पाठ दिसते. जरा जास्तच दिसते."

"दस्ता उंच आहे. गाल वर राहतो. म्हणजे छर्रे वरून जाणार. हा गालाखालचा भाग तासून घे. लांबीही अर्धं बोट जास्त आहे. हिवाळ्यात जाकीट घातलंस की आणखी अडेल."

इंद्रजितनं मान हलवली. चार वर्षांपूर्वी तो यावर वाद घालायचा.

पिस्तूल त्यांनी त्याला हात ताठ करून धरायला लावलं आणि ते टोकाकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. पिस्तुलाचं टोक हलायला लागलं.

"मूठ जाड आहे. बोटं अर्ध्यावरच संपतात. पकड बारीक असलेलं बघ."

"हेच सगळे वापरतात."

"सगळ्यांचे हात तुझे आहेत का?"

रायफलवरचं भिंग त्यांनी स्वतःच्या डोळ्याला लावलं. लांबच्या कड्यावर नेलं, मग जवळच्या पाटीवर आणलं.

"भिंग मोठं घेतलंस. लांबचं छान दिसतं. जवळचं काहीच दिसत नाही."

"लांबच्यासाठीच तर घेतलं."

"हूं."

त्यांनी रायफल पेटीत ठेवली आणि ते टेबलाशेजारच्या दगडावर टेकले. पवनचक्कीची सावली टेबलावरून गेली, परत आली.

"म्हणजे तिन्ही चालतील," इंद्रजित म्हणाला. "थोडा फेरफार केला की."

"चालतील."

"एकच राहिलं. चाप. नियमात बसेल एवढाच हलका करायचाय. तुम्ही स्वतः करून द्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

"नाही."

"ही बंदूक पडून उडत नाही, सुभेदार. मी सांगितलं ना. मी वर्षभर शोधलंय. चूक होऊच शकणार नाही असं हत्यार मला पाहिजे होतं. हे ते आहे."

"कशाला पाहिजे?"

"म्हणजे?"

"दुकान आहे. लग्न ठरलंय म्हणतात. परत इकडे कशाला?"

इंद्रजितनं पेटीची कडी लावली, परत काढली.

"दिवाळीनंतर राष्ट्रीय स्पर्धा आहे. मला तिथं उतरायचंय. लोकांना वाटतं मी माणूस मारला. तोंडावर कुणी बोलत नाही. लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या मामानं विचारलं, ते प्रकरण काय होतं हो? मी निकालाची प्रत दाखवली. वाचून त्यांनी परत दिली. काही बोलले नाहीत... तोच वेग, तीच धाव, फक्त बंदूक वेगळी. मी ती धाव सगळ्यांसमोर नीट पळून दाखवली की कळेल ना, दोष कशात होता ते."

"कुणाला कळेल?"

"सगळ्यांना."

सुभेदारांनी चिंधी घडी करून टेबलावर ठेवली.

"मग क्लबच्या दुसऱ्या रेंजवर सराव कर. तिथं पाट्याही नव्या आहेत. माझ्याकडे काय?"

इंद्रजित पेटीच्या कडीशी खेळत राहिला.

"बोल."

"आठवडा झाला, जातोय तिथं."

"मग?"

"टायमर घेऊन माझ्या मागं यायला कुणी तयार नाही."

तो हे सुभेदारांकडे न बघता बोलला.

"कुणाचा गुडघा दुखतो. कुणाला घाई असते. मोहसीननं तर टायमर माझ्याच हातात दिला, म्हणाला, तुझा तू लाव. सेक्रेटरी म्हणाले, एकट्यानं सराव कर, काय बिघडलं. स्पर्धेत पंच मागं येतोच. पण ते... बघतात सुभेदार. मी बंदूक हातात घेतली की सगळे चार पावलं मागं सरतात. ज्यांना मी शिकवलं तेसुद्धा."

वाऱ्यानं रंगाच्या डब्यावरचा कागद उडाला. सुभेदारांनी तो पायानं दाबला.

"हत्यारांचं मला विचारायचं होतंच," इंद्रजित म्हणाला. "पण खरं म्हणजे... तुम्ही एकदा माझ्या मागं आलात तर बाकीचेही येतील. तुम्ही उभे राहिलात म्हटल्यावर कुणाची हिंमत होणार नाही मागं सरायची."

"माझा गुडघा खरंच दुखतो."

"हळू पळेन."

"हळू पळून काय सिद्ध होणार?"



सुभेदार उठले. गुडघ्यावर हात दाबून, दोन टप्प्यांत. त्यांनी वाळलेल्या पाट्या एकेक करून खाणीच्या तळाशी नेल्या, ओळीत उभ्या केल्या. इंद्रजित मदतीला पुढे झाला तर त्यांनी हातानं थांबवलं. मग त्यांनी पिंप लवंडून गडगडत आणलं आणि वाटेवर उभं केलं. पुढे काठ्यांना पुठ्ठे लावले.

इंद्रजितनं ओळखलं. मांडणी त्या मे महिन्यातली होती. पिंपाची जागासुद्धा.

"येईन तुझ्या मागं," सुभेदार परत येऊन म्हणाले.

इंद्रजितनं सुस्कारा सोडला.

"आधी तू माझ्या मागं ये."

"मी?"

"टायमर घे. मी पळतो."

"तुम्ही कुठं पळणार, सुभेदार..."

"जमेल तसा."

त्यांनी नवी बाराबोअर उचलली. काडतुसांचं खोकं घेतलं आणि पाठ फिरवून, कातळाकडे तोंड करून बंदूक भरली. किती भरली ते इंद्रजितला दिसलं नाही. पिस्तूल भरून त्यांनी पुढच्या फळीवर नेऊन ठेवलं. कानांवर मफ चढवले, इंद्रजितलाही चढवायला सांगितलं.

"पंचानं किती अंतर ठेवायचं?"

"हाताचं," इंद्रजित म्हणाला.

"त्यापेक्षा लांब राहिलास तर?"

"मला तुमचा हात धरता येणार नाही. काही चुकलं तर थांबवता येणार नाही."

"माहीत आहे तर."

टायमर हातात छोटा होता, तळहातात मावणारा. इंद्रजितनं तो कधी धरला नव्हता. तो नेहमी पुढे असायचा. त्यानं बटण दाबलं.

टायमरची शिट्टी वाजली.

म्हातारा हलला आणि इंद्रजितला आश्चर्य वाटलं. पावलं जड होती, पण बंदूक खांद्याला लागली ती एकाच हालचालीत. पहिली पाटी पडली. दुसरी. मधल्या एकीला छर्रे वरून गेले, त्यांनी परत मारली, ती पडली. रिकामी नळकांडी उडून इंद्रजितच्या पायाशी पडत होती. तो हाताच्या अंतरावर चालत होता. बंदुकीच्या दारूचा वास त्याच्या तोंडावर येत होता.

सगळ्या पाट्या पडल्या.

सुभेदारांनी पिंपापाशी पोचताच बंदूक टाकली.

ठेवली नाही. टाकली. ती पिंपाच्या पत्र्यावर आपटली, अर्धी फिरली आणि काठावर तिरकी राहिली. नळीचं तोंड वाटेकडे होतं. सेफ्टीची कळ पलीकडच्या बाजूला होती, ती दिसत नव्हती.

सुभेदार तिच्याकडे न बघता लंगडत पुढे गेले.

पुढे जायची वाट एकच होती. एका बाजूला पिंप, दुसऱ्या बाजूला कातळ.

इंद्रजितचा पाय उचलला गेला नाही.

पुढे पिस्तुलाचा आवाज झाला. पुठ्ठ्यात भोक. परत आवाज. सुभेदार पुढच्या निशाणाकडे सरकले. दोघांत एका हाताचं अंतर होतं ते आता दहा हातांचं झालं होतं, आणि वाढत होतं.

बंदूक काठावर किंचित हलत होती. वाऱ्यानं असेल. प्रत्येक बारानं पत्रा थरथरत होता, त्यानंही असेल.

पडून उडत नाही. छातीएवढ्या उंचीवरून टाकून पाहिलीय. उलटी, सुलटी...

त्याला नळीचं तोंड दिसत होतं. काळं, गोल. त्याच्या कंबरेच्या उंचीवर. ते आपल्याकडेच आहे की जरा बाजूला, हे तो ठरवू शकत नव्हता. एक पाऊल मागे घेतल्याचं त्याला घेतल्यानंतर कळलं. मग त्यानं दुसरं घेतलं.

पाठ कातळाला लागली.

टायमर हातात घामानं निसरडा झाला होता. पलीकडे खाणीत दस्तगीर पळायचा त्या वाटेवर, पिंपाच्या पुढे, एक म्हातारा माणूस भरलं पिस्तूल घेऊन एकटा चालत होता, आणि काही चुकलं असतं तर त्याचा हात धरायला मागे कुणी नव्हतं.

गोळीबार थांबला.

सुभेदारांनी पिस्तूल रिकामं केलं, उघडं करून फळीवर ठेवलं. रायफलकडे ते गेले नाहीत. कातळाकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मफ काढून गळ्यात घेतले.

"मागे आहेस?"

इंद्रजितनंही कानांवरचे मफ काढले. खाणीत पवनचक्कीच्या पात्यांचा आवाज तेवढा होता, एकसारखा, कुणीतरी धुणं आपटल्यासारखा.

"इथं आहे," तो म्हणाला.

"इथं म्हणजे कुठं?"

"...पिंपाच्या अलीकडे."

सुभेदार वळले नाहीत.

इंद्रजितनं बंदुकीकडे पाहिलं. मग त्या पाठमोऱ्या माणसाकडे. चार वर्षांत कोर्टात, वकिलाकडे, घरी, मुलीच्या मामासमोर तो जे बोलला होता त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. त्याला दस्तगीरचा आवाज आठवला. वेळ सांगतानाचा.

"सुभेदार," तो म्हणाला. मग पुन्हा सुरुवात केली. "सुभेदार... बंदूक रिकामी आहे का?"

वरून पात्याची सावली आली, दोघांच्या मधून गेली.

"दस्तगीरनं विचारलं नव्हतं," सुभेदार म्हणाले.